पारड्याखालची चकती

१२ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा पोहोचलं. चौसष्टाव्या वर्षी तू पोहायला शिकतेस हे ऐकून बाबांनी तो परिच्छेद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि ताईला कुणीतरी आवरा रे असं पुटपुटत दुकानात निघून गेले. मला मात्र तुझा हेवा वाटला. फक्त ती हिरवी टोपी घालून फोटो काढलास तर मला आधी पाठव.

आता माझी बातमी. आज आस्थापना विभागाच्या बाईंनी मला वर बोलावून चहा दिला. आमच्या वजनकाट्यांच्या कारखान्यात चार वर्षांत मला वरच्या मजल्यावर कुणी पाणी विचारलं नव्हतं, त्यामुळे कप हातात आला तेव्हाच मी ओळखलं. माझा करार पंधरा फेब्रुवारीला संपतो आणि या वेळी तो पुन्हा करायचा नाही असं ठरलंय म्हणे. माझ्या जागी दुसरं कुणीतरी घेणार, तेही मुदतीवरच. मी विचारलं की माझं काम कुठे कमी पडलं, तर बाई म्हणाल्या की कामाबद्दल तक्रार नाही, उलट कौतुकच आहे. आत्या, कौतुकाने घरी पाठवलेली तुझ्या पाहण्यातली मीच पहिली असेन.

गंमत सोडून लिहिते. मला ही नोकरी हवी आहे. उत्तरेच्या खिडकीखाली आमचे ठोकळेकाका बसतात. चाळीस वर्षं वजनाचे ठोकळे हाताळून त्यांचं मूळ नाव सगळे विसरले आहेत. काटा हवेच्या झुळकेनेही हलू नये म्हणून ते श्वास रोखून काम करतात. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार, आणि त्या स्टुलावर मी बसायचं असं आमचं दोघांचं केव्हाच ठरलेलं आहे. कारखान्याने तेवढं ठरवायचं राहिलं होतं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. त्यांची झोप जाईल.

तुझ्या लोभाला मात्र मुदत घालू नकोस.

तुझी भाची,
भिंगरी

—

१७ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

टोपी हिरवी नाही, निळी आहे. फोटो मिळणार नाही.

छत्तीस वर्षं मी बटणांच्या कारखान्यात हजेरीच्या खिडकीवर बसले. कोण कधी आलं, कोण कधी गेलं, कोण आजारी म्हणून नाटक बघायला गेलं, सगळं माझ्या हाताखालून गेलं आहे. तेव्हा मला नीट उत्तरं दे आणि फोनवर देऊ नकोस. फोनवर बोललेलं वाऱ्यावर जातं, कागद पेटीत राहतो.

चार वर्षांत तुझ्याकडून करार किती वेळा लिहून घेतले? दोन करारांच्या मध्ये किती दिवस घरी बसवलं? आजारी पडलीस तेव्हा ठोकळेकाकांसारखी भरपगारी रजा मिळाली का? मुदतीचा माणूस म्हणजे अर्धा माणूस नव्हे. कायम माणसाला जी रजा, जे तास, जी सूचना, तीच त्यालाही. हे मी माझ्या खिडकीतून किती जणांना सांगितलं असेल आणि माझीच भाची चहा पिऊन खाली उतरली!

मुख्य गोष्ट ऐक. एकाच जागी, एकाच कामावर, खंड न पडता तीन वर्षं भरली की मुदतीच्या माणसाला कायम धरावं लागतं. म्हणूनच मध्ये खंड पाडतात. तुला चार वर्षांनी काढतात त्याचं कारण तुझं काम नाही, तुझी वर्षं आहेत. त्यांना बोट दाखवायला जागा खंडाचीच आहे, म्हणून खंडाचं सविस्तर लिही.

तुझ्या बाबाला, त्या भागूबाईला, सांगून टाक. तो भित्रा आहे, पण बहिरा नाही. दुसऱ्याकडून कळलं तर जास्त झुरेल.

गुडघा बरा आहे. पाण्यात तो माझा आहे असं वाटतच नाही.

तुझी,
आत्या

—

२३ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझ्या खिडकीसमोर उभी राहून उत्तरं देते आहे असं समज.

करार चार, प्रत्येकी अकरा महिन्यांचे. एक संपला की सोळा फेब्रुवारीपासून पंधरा मार्चपर्यंत घरी. असे तीन खंड झाले. रजेचं म्हणशील तर मधल्या वर्षी करार संपता संपता कांजिण्या आल्या तेव्हा बिनपगारी होते.

पण घरी बसणं हे नावालाच. मार्चअखेरीस वजनमापांची तपासणी असते आणि गावातला प्रत्येक दुकानदार आपला काटा घेऊन आमच्या दारात येतो. जुळवणारे आम्ही दोघंच. मग अडला हरी! फोन यायचा की जरा दोन दिवस येऊन जा, घरचंच समज. दोनाचे दहा व्हायचे. हजेरीपटावर सही करू द्यायचे नाहीत. मागच्या दाराने आत आणि मागच्या दाराने बाहेर. पहिल्या खंडात अकरा दिवस गेले, मागच्या वर्षी नऊ, आणि मधल्या वर्षी कांजिण्यांमुळे तीनच. हातात चिठ्ठी सुद्धा नाही. तेव्हा बोलले नाही, चूक माझीच. मुकी बिचारी कुणीही हाका.

बाबांना सांगितलं. जेवताना त्यांनी माझ्या ताटात तीन वेळा तेच वाढलं.

मी काल घरी आले तर बाबा हिशेबाच्या वहीमागे काहीतरी लिहीत होते आणि मला पाहून त्यांनी ते झाकलं. तुला लिहीत असतील तर मला कळव. खरं म्हणजे कळवू नकोस, त्यांना वाईट वाटेल.

कारखान्यात मात्र मजा चालू आहे. ठोकळेकाका रागावले आहेत आणि राग आला की ते माणसांऐवजी हातातल्या कानशीशी बोलतात. काल एका काट्यावर मी खूण करायला विसरले तर कानशीला म्हणाले की ज्याने हात लावला त्याची खूण हवी, माणूस उद्या असो वा नसो. ही इथली जुनी शिस्त. काटा जुळवला की वजनाच्या पारड्याखाली पितळी चकती बसवायची आणि तिच्यावर तारखेचा आणि आपापल्या खुणेचा ठसा मारायचा. त्याशिवाय काटा बाकावरून उठत नाही. माझी खूण म्हणजे एका रेषेवर तीन ठिपके. तू ठेवलेल्या नावावरूनच ती पडली. लहानपणी तू मला भिंगरी म्हणायचीस ना, मी तशी भिंगरी काढायला गेले आणि ती अशी झाली.

लोभ वजनात भरपूर असावा, पासंगाशिवाय.

तुझी,
भिंगरी

—

२३ जानेवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

काल घरी लिहायला घेतलं तर पोर आली, म्हणून आज दुकान उघडलं, काटा पुसला, आणि गिऱ्हाईक यायच्या आत हे लिहायला बसलो. पोरीला हे पत्र माहीत नाही. तिला कळवू नकोस.

ताई, तिला भांडायला लावू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. मी पण एकदा तोंड उघडलं होतं. गिरणीच्या गोदामात होतो, जादा तासांबद्दल विचारलं, आणि संध्याकाळी माझी सायकल फाटकाबाहेर काढून ठेवली होती. आत गेलो नाही, सायकल घेऊन घरी आलो. नंतर कुठेच ठेवून घेईनात. तेव्हापासून खिळे आणि स्क्रू विकतोय. तसं माझं बरं चाललंय, पण पोरीचा हात वेगळा आहे. तिला काट्याशिवाय करमणार नाही. भांडली तर दुसरा कारखानाही तिला दारात उभं करणार नाही. गप्प राहिली तर निदान कामाचं चांगलं पत्र देतील.

तू पोहताना एकटी खोल पाण्यात जाऊ नकोस.

तुझा,
धाकटा भाऊ

—

२८ जानेवारी

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं, आणि तिसऱ्या वेळी चष्मा काढून टेबलावर आपटला. (फुटला नाही.)

अगं वेडाबाई, हातात चिठ्ठी नाही म्हणून रडतेस आणि पुढच्याच पानावर चकतीचं लिहितेस! खंडात जुळवलेल्या काट्यांवर तू चकती बसवलीस की नाही? तारीख ठोकलीस की नाही? त्यांनी हजेरीपट लपवला, पण तुझी हजेरी गावातल्या दुकानादुकानांत टांगलेली आहे. आणि ती पितळेवर आहे, माझ्यासारख्या हजेरीवालीला खोडरबराने पुसता यायची नाही.

प्रत्येक खंडातली एक चकती शोध. तीन खंड, तीन चकत्या. एक कमी पडली तरी त्या वर्षी तार तुटली असं म्हणतील. दुकानदाराकडून लिहून घे की काटा तेव्हा कारखान्यातूनच आला. मग कामगार कार्यालयात अर्ज दे. तिथे समेट घडवणारे अधिकारी असतात, दोन्ही बाजूंना समोर बसवतात. घाबरण्यासारखं काही नसतं, खुर्च्या तेवढ्या फार कडक असतात.

दरम्यान खंडात पुन्हा फोन आला तर आनंदाने जाईन म्हण, मात्र हजेरीपटावर सही करून.

तुझी,
आत्या

—

२० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

करार संपला. शेवटच्या दिवशी ठोकळेकाकांनी माझा ठसा फडक्यात गुंडाळून स्वतःच्या खणात ठेवला आणि कानशीला सांगितलं की याला कुणी हात लावायचा नाही. मी बाहेर येऊन थोडी रडले. मग नाक पुसून चकत्या शोधायला निघाले.

आत्या, दुकानात शिरून तुमचा काटा उलटा करू का असं विचारायचं म्हणजे काय ते तुला कळणार नाही! पहिल्या दुकानदाराला मी सरकारी तपासनीस वाटले, त्याने घाम पुसला आणि मला खुर्ची दिली. दुसरीकडे काही घेतल्याशिवाय बाई काट्याला हात लावू देईनात. परिणामी घरात आता अकरा किलो कांदे, साबणाच्या चौदा वड्या आणि न लागणारी दोरीची तीन भेंडोळी आहेत. बाबांनी कांदे पाहिले आणि ते मोजत बसले.

पण सापडल्या! पहिल्या खंडातली २७ फेब्रुवारीची चकती साबणवाल्याकडे मिळाली, मागच्या वर्षीची ९ मार्चची कांदेवाल्या बाईंकडे. दोन्ही मळाने काळ्या झालेल्या, तरी ठिपके स्वच्छ दिसतात. दोघांनी चकत्या सुनावणीपुरत्या काढून दिल्या आणि लिहूनही दिलं. अर्ज दिला आहे, सहा मार्चला बोलावलं आहे.

मधल्या वर्षाची मात्र मिळत नाही. कांजिण्यांनंतरचे ते तीनच दिवस. तेव्हा मी दुकानांचे काटे केले नव्हते, विक्रीच्या खिडकीवरचे नवे काटे जुळवले होते. ते कुणी नेले कुणास ठाऊक. ठोकळेकाकांना आठवत नाही आणि विक्रीची वही वरच्या मजल्यावर आस्थापनेच्या बाईंच्या कपाटात आहे. सत्तेचाळीस दुकानं झाली. पाय दुखतात, पण त्याहून जास्त धाकधूक आहे.

आणि हो, परवा फोन आलाच! तपासणी जवळ आली ना. जरा दोन दिवस येऊन जा, घरचंच समज. मी म्हटलं, आनंदाने येईन, हजेरीपटावर सही करून. त्यानंतर पुन्हा फोन नाही.

लोभ असू दे आणि कांदे हवे असतील तर कळव.

तुझी,
भिंगरी

—

२२ फेब्रुवारी

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र वाचून फाडून टाक.

पोरीने तुला कळवलं असेल की एक चकती सापडत नाही. ती माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वी माझा काटा बिघडला. तिला सांगितलं असतं तर तिने तो सुटीत बसून दुरुस्त केला असता, आणि ती तेव्हा नुकतीच आजारातून उठली होती. म्हणून गुपचूप कारखान्याच्या विक्री खिडकीवर गेलो. खरं सांगू का, ती कुठे काम करते ते एकदा बघायचं होतं. आत जायला विचारायचा धीर झाला नाही. काटा घेऊन आलो, दुकानात पारडं उचललं, तर खाली तिची खूण. तीन ठिपके. तारीख ४ मार्च.

ती दुकानात येते तेव्हा मी तिला काट्याला हात लावू देत नाही, म्हणून तिला माहीत नाही. काटा कुठून आणला विचारलं तेव्हा बाहेरगावचा सांगितलं होतं.

ती सत्तेचाळीस दुकानं फिरली आणि मी घरी बसून कांदे मोजले. ताई, मला ती फाटकाबाहेरची सायकल दिसते. मी तिथे गेलो आणि माझ्यामुळेच काही बिघडलं तर? न गेलो आणि बिघडलं तर? काय करू ते कळव.

तुझा,
धाकटा भाऊ

—

२५ फेब्रुवारी

चि. भागूबाईस,
आशीर्वाद.

काखेत कळसा आणि पोर गावभर वळसे घेते आहे!

पत्र फाडलेलं नाही. मी कागद फाडत नाही हे तुला ठाऊक असून लिहिलंस, म्हणजे ते राहावं असंच तुझ्या मनात आहे.

सायकल काढून ठेवली त्या दिवशी तू एकटा होतास. मी तेव्हा दुसऱ्या गावी हजेरीच्या खिडकीवर बसून परक्यांना त्यांचे हक्क सांगत होते आणि माझ्या भावाचं मला चार महिन्यांनी कळलं. ते मला अजून लागतं. तेव्हा या वेळी तू एकटा नाहीस आणि पोरही एकटी नको.

उचल तो काटा आणि जा. बोलावं लागणार नाही, नुसता टेबलावर ठेव.

तुझी,
ताई

—

७ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

काल जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकदम बाहेर येईल.

तुला माहीत होतं हे मला आता कळलं आहे. त्याचं भांडण नंतर.

चार तारखेला बाबांनी ताट वाढता वाढता सांगितलं की ती चकती दुकानात आहे. मी आधी चिडले, मग हसले, मग त्यांना मिठी मारली, आणि त्यांच्या हातातलं पातेलं सांडलं.

कार्यालयाची खोली लहान, खुर्च्या तू म्हणालीस तशाच. अधिकारी बाई शांत आणि बारीक आवाजाच्या. पलीकडे आमच्या आस्थापनेच्या बाई, आणि काट्यांचं प्रकरण आहे हे ऐकून म्हातारे मालकही आलेले. ऐंशीच्या पुढचे आहेत. चकती बसवायची शिस्त त्यांनीच घातलेली. बाबा काटा पोटाशी धरून कोपऱ्यात बसले, एखाद्याने तान्हं बाळ आणावं तसे.

तीन चकत्या टेबलावर मांडल्या. दोन काळ्या, आणि बाबांची लखलखीत. आस्थापनेच्या बाईंनी लगेच बोट ठेवलं. म्हणाल्या की दोन वर्षांची चकती अशी चमकत नाही, ही आठवड्यापूर्वी घरी ठोकलेली आहे, बाप आणि लेक संगनमताने आले आहेत. अधिकारी बाईंनाही तो प्रश्न रास्त वाटला. त्यांनी बाबांना विचारलं की ही एवढीच का चमकते.

आत्या, बाबा उभे राहिले. टेबलाची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. मला वाटलं आता खाली बसतील. पण ते बोलले. म्हणाले की मी ती रोज सकाळी पुसतो. दुकान उघडलं की पहिलं पारडं उचलतो आणि पुसतो. ती माझ्या मुलीची खूण आहे. तिला कधी सांगितलं नाही.

मला समोरचं काही दिसेना.

मग मालकांनी हात पुढे केला. खिशातून भिंग काढलं, चकती डोळ्याशी धरली आणि कितीतरी वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले की चारच्या आकड्याच्या ठशाची शेपूट तुटकी आहे. तो ठसा पडून तुटला होता, आणि दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतः तो भंगारात टाकून नवा करवला. म्हणजे चकती त्याआधीचीच. आस्थापनेच्या बाई काही बोलणार तेवढ्यात त्यांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं की आपली चकती खोटी असं आपणच लिहून दिलं, तर उद्या गावातला कुठला काटा खरा म्हणून दाखवायचा? मग माझ्याकडे वळून म्हणाले की खंडात काम करून घेतात हे मला ठाऊक नव्हतं. आणि पुढे म्हणाले की विचारलंही नव्हतं.

समेटावर सह्या झाल्या. खंड धरायचे नाहीत. तीन वर्षं भरली त्या दिवसापासून मी कायम, कांजिण्यांची रजा भरपगारी. पॅकिंगमधल्या दोघींनाही असंच मागच्या दाराने बोलवायचे, त्यांचेही खंड पुसले. सोमवारी मी पुढच्या दाराने आत जाणार.

बाहेर आल्यावर बाबा पायरीवर बसले आणि म्हणाले की पाणी दे. मी विचारलं की भीती वाटली का. म्हणाले की फार.

तुझी आणि आता कायमची,
भिंगरी

—

२ एप्रिल

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तू पाय न टेकता अख्खा तलाव ओलांडलास हे वाचून आनंद झाला. फोटोही मिळाला. टोपी हिरवीच आहे.

माझी चकती कामगार कार्यालयाने पुरावा म्हणून ठेवून घेतली. जवळजवळ महिनाभर पारडं उचलत होतो आणि खाली काही नव्हतं. काल पोर सुटीच्या वेळेस पिशवी घेऊन दुकानात आली आणि म्हणाली की मी कारखान्याकडून काटा तपासायला आले आहे. मी या वेळी अडवलं नाही. तिने वजनं काढली, श्वास रोखून बराच वेळ बघितलं, आणि मग माझ्यावर ओरडली. दोन वर्षं पुसून पुसून मी वजनाच्या पारड्याखाली पॉलिशचा थर चढवला होता. त्यामुळे प्रत्येक गिऱ्हाइकाला एक खिळा जास्त जात होता. माझं दुकान का चांगलं चालतं ते आता कळलं.

थर खरवडून तिने नवी चकती बसवली. तारीख कालची, खूण तीच. रोज पुसायचं नाही अशी सक्त ताकीद देऊन गेली. मी कबूल केलं आहे.

आज सकाळी दुकान उघडलं आणि पारडं उचललं. पुसलं नाही. बघायला काही तिने मनाई केलेली नाही.

आहे तसाच लोभ असावा, आणि आता पत्राच्या वर भागूबाई लिहिणं बंद करावं.

तुझा,
धाकटा भाऊ